शेपूट धरून ठेवणारा फिन

लाँगबोर्डच्या पुढच्या टोकावर दहाही बोटं बाहेर काढून उभा असलेला सर्फर दिसला की सगळ्यांची नजर त्याच्या पावलांवर खिळते. अर्धं काम मात्र आठेक फूट मागे, पाण्याखाली चाललेलं असतं. टॉम ब्लेकने १९३५ मध्ये बोर्डाखाली पहिला फिन, म्हणजे शेपटीकडचा उभा पंख, बसवला, आणि तीसच वर्षांनी, १९६५ साली, कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरात टॉम मोरीने नोजवर, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकावर, टिकलेल्या सेकंदांवर निकाल लावणारी स्पर्धा भरवली. सर्फर पुढे चालत गेला की बोर्डाची शेपूट उचलली जाऊ पाहते. फुटत्या लाटेचं पाणी तिच्यावरून वाहत तिला खाली दाबतं. ती बाजूला घसरू न देणं हे फिनचं काम. म्हणून माझा कौल पिव्होट फिनला: जवळजवळ ताठ उभा, टोकापर्यंत रुंद, साडेनऊ-दहा इंच खोल. मागे झुकलेला फिन लांबलचक वळणं सुरेख काढतो, पण पाय मागे आणून बोर्ड जागच्या जागी फिरवायचा आणि लगेच पुन्हा पुढे धावायचं, तर ताठ फिनसारखा दुसरा नाही. बोर्डाच्या लांबीच्या फुटामागे एक इंच फिन हा ठोकताळा सुरुवातीला चालतो. अंगाने हलक्या माणसाने अर्धा इंच कमीच घ्यावा. आणि नवा फिन घेण्याआधी स्क्रू सैल करून आहे तोच थोडा मागे सरकवून पाहा: पकड वाढते, बोर्ड वळायला मात्र जड होतो.