आरोप ठेवला, ठरवला नाही

नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत आमच्या रोजच्या वाटेवर आहे. जेलरोडला वाढलेल्या पोरालाही कच्चा कैदी (खटल्याचा निकाल न लागलेला) आणि पक्का कैदी (शिक्षा झालेला) यांतला फरक ठाऊक असतो. मुलाखतीला पिशवी घेऊन आलेली बाई शेजारणीला आधी हेच विचारते, 'तुमचा कच्चा का पक्का?' त्या बाईला जे कळतं, ते मराठी बातम्यांचे मथळे लिहिणाऱ्यांना कळत नाही, याची मला चीड आहे.

३० मार्च २०२३ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्युरीने डोनाल्ड ट्रम्प यांना 'इंडाइट' केलं. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर मला सांगत होते, 'ट्रम्प दोषी ठरले.' दोषी ते ठरले ३० मे २०२४ ला, चौदा महिन्यांनी आणि दुसऱ्याच ज्युरीकडून. ग्रँड ज्युरी शिक्षा देत नाही. सरकारी वकिलाचा पुरावा बंद दाराआड पाहून ती एवढंच ठरवते, की खटला चालवण्याइतका आधार आहे.

आपल्याकडे ग्रँड ज्युरी नाही. मुंबई हायकोर्टातली १८६५ सालीच गेली. म्हणून 'इंडाइट'ला मराठी प्रतिशब्द शोधताना आपण घसरतो. एफआयआर म्हणजे तक्रारीची नोंद. आरोपपत्र म्हणजे पोलिसांचं म्हणणं. त्यानंतर न्यायाधीश कागद बघतात, गुन्हा केला असावा असं मानायला जागा आहे का ते पाहतात आणि आरोप ठेवतात. इंडाइटच्या सर्वांत जवळचं हेच. खरा पुरावा तपासायला सुरुवात होते ती त्यानंतर.

या टप्प्याला आपण नावं काय दिली? एक 'दोषारोप', ज्यात दोष आधीच येऊन बसला. दुसरं 'आरोप निश्चित'. मराठी माणूस निश्चित म्हणजे पक्कं, नक्की असंच ऐकणार! आमच्या गल्लीतला एक मुलगा जामिनावर सुटून गॅरेजमध्ये कामाला लागला होता. 'आरोप निश्चित' अशी बातमी आली आणि मालकाने त्याला काढलं. मी भांडायला गेलो तर मालक म्हणाला, 'कोर्टानंच निश्चित केलंय म्हटल्यावर मी काय बोलू?' त्या मालकाला मी दोष देत नाही. शब्द लिहिणाऱ्याला देतो.

'आरोप ठेवले' असं लिहायला काय जातं? दोनच शब्द, सरळ मराठी, कुणाचा गैरसमज होणार नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते. इतक्या माणसांच्या घरी मथळ्यातला एकेक शब्द जाऊन पडतो.

आणि हा प्रश्न वर्तमानपत्रापुरता नाही. १९९८ पासून महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. आरोप न्यायालयाच्या भाषेत लिहायचा आणि आरोपीला वाचून, समजावून सांगायचा, असं कायदा म्हणतो. समजावून! गॅरेजमधल्या त्या मुलाला दोषारोप वाचून दाखवला, गुन्हा कबूल आहे का विचारलं. तो 'नाही' म्हणाला, आणि बाहेर आल्यावर त्याने वकिलाला हळूच विचारलं, 'साहेब, किती वर्षांची झाली?'