पूर ओसरल्यावर येणारा ताप

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की सगळ्या कोल्हापूरचे डोळे पाण्याकडे लागतात. आम्हा डॉक्टरांना खरी काळजी असते ती पाणी उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर चिखली, आंबेवाडी, शिरोळ भागातील माणसे घरातला चिखल उपसायला परतली, तेव्हा अनेकांच्या पायांत साधी चप्पलही नव्हती. लेप्टोस्पायरा या जिवाणूला पायाची एखादी भेग पुरते. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून तो पाण्यात आलेला असतो.

शरीरात जंतू शिरला की काही तासांतच जन्मजात प्रतिकारशक्ती कामाला लागते. त्यासाठी लस किंवा मागचा अनुभव लागत नाही. पेशींवरच्या संवेदकांना जंतूचे नाव-गाव कळत नाही. 'हे आपले नव्हे' एवढे कळते. अशा संवेदकांच्या शोधाबद्दल ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ब्यूटलर यांनी उंदरांमध्ये शोधलेला टीएलआर-४ हा संवेदक अनेक जिवाणूंचे बाह्य आवरण ओळखतो.

लेप्टोस्पायराच्या आवरणाची घडण मात्र वेगळी आहे. माणसाच्या टीएलआर-४ ला ती जवळजवळ दिसतच नाही. गंमत म्हणजे उंदराच्या टीएलआर-४ ला दिसते! उंदीर ठणठणीत राहून जंतू मूत्रपिंडात बाळगतो, त्याचे हे एक कारण मानले जाते. आपल्याकडे गजर उशिरा वाजतो. तोवर जंतू रक्तात पसरलेला असतो. मग एकदम थंडी-ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे.

या टप्प्यावर 'डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय' असा आग्रह होतो. कुठेतरी ते मारलेही जाते, आणि त्यात कधी स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने गजर बंद होतो. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून जंतूपर्यंत पोहोचणे अवघड होते. ताप उतरतो, माणूस पुन्हा चिखलात उतरतो. चार दिवसांनी डोळे पिवळे, लघवी कमी, अशा अवस्थेत तो आमच्याकडे येतो. मधल्या काळात घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाला आणखी इजा झालेली असते.

डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध पहिल्या दिवसांत सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पुराच्या पाण्यात काम करणाऱ्यांना ते प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा देता येते. गर्भवती आणि लहान मुलांबाबत डॉक्टरांना विचारावे. ताप आला तर तपासणाऱ्याला पहिले वाक्य हेच सांगा: मी पुराच्या पाण्यात होतो. बऱ्याचदा आम्हाला ते विचारून काढावे लागते.