गरिबीने पदक मिळत नाही, गावाने मिळतं!

पदक आलं की आपल्या ग्रुपवर ठरलेल्या पोस्ट फिरतात. 'परिस्थितीवर मात', 'चटणी-भाकरी खाऊन देशाचं नाव काढलं'. मला या कौतुकाचा आता रागच येतो. हाल हेच जणू पोराचं भांडवल, आणि गावाने काय करायचं, तर नंतर फ्लेक्स लावायचा!

खाशाबा जाधवांचंच घ्या. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. पण गोळेश्वरला घरात वडीलच पैलवान. भोवती कराड-कोल्हापूरच्या तालमी आणि कुस्ती कळणारी माणसं. परदेशी जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांची जिद्द मोठीच, पण तिच्या पाठीशी इतकी माणसं उभी होती.

आता अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा, शाळा घरापासून सहा किलोमीटर. लोक म्हणतात, त्या पायपिटीनेच धावपटू घडवला. अहो, तशी पायपीट करणारी पोरं बीड जिल्ह्यात गावोगाव होती. ती सगळी कुठे ऑलिंपिकला गेली? साबळे सैन्यात गेला, २०१५ पासून तिथे पळायला लागला. ग्राउंड, कोच, खुराक, महिन्याचा पगार, सगळं मिळालं; मग २०२२ ला बर्मिंगहॅमला रौप्य आलं. सैन्यात गेला नसता तर?

आणि हे आपल्यापासून लांब नाही. त्याच बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी आपल्या शिरूर-दौंडच्या फडात उतरतात. त्यांची दहा-बारा वर्षांची पोरं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन कोपीवर थांबतात. त्यातलं एखादं साबळेसारखं पळणारं असेल, तर आपल्याला कळणार कसं? आपण कधी बघितलंय का?

आपल्या पोरांचं तरी काय? उत्तर शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात २०२५ मध्ये पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली. तिथे पहाटे पाचला पोरगी रनिंगला कशी पाठवणार? बिबट्याचा प्रश्न वनखात्याचा म्हणून सोडून देऊ नका, तो खेळाचाही आहे. पोरांचं मोकळं फिरणंच बंद झालं, तर पुढचं सगळं तिथेच संपतं.

२००६ साली अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक खेळाडूंच्या जन्मगावांचा एक अभ्यास छापून आला. पाच लाखांहून मोठ्या शहरांच्या मानाने लहान शहरांतून जास्त खेळाडू आलेले दिसले. मोकळी जागा, ओळखीची माणसं, पोराला लवकर संधी, अशी कारणं त्यामागे सांगतात. शिरूर आणि दौंड नेमकी त्याच मापाची. दौंडला तर रेल्वे आहे, एसआरपीएफचे पाच आणि सात नंबरचे गट आहेत. पॅरिसला कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे रेल्वेतच टीसी होता. म्हणजे खेळाडूला पोसणारी खाती आपल्या दारात आहेत. पण त्यांच्या मैदानावर आपल्या पोरांना आठवड्यातून दोन दिवस पळू द्या, असं मागायला कोणता पुढारी गेला?

यात्रेचं म्हणाल तर बैलगाड्याला माझा विरोध नाही. शर्यत आपली, बैल आपले, नाद आपला. पण घाटात लाखांची बक्षिसं लावणाऱ्या गावात तालमीचं छप्पर गळतं आणि वस्तादाला मानधन म्हणून नारळ-टॉवेल मिळतो, याची लाज कुणाला वाटते?

१ मेच्या ग्रामसभेत चार गोष्टी मागा. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं आणि तिथे दिवे. यात्रेच्या वर्गणीतून वस्तादाला बारा महिने मानधन. टोळीच्या पोरांना सीझनभर त्याच मैदानावर जागा. रेल्वे आणि एसआरपीएफला मैदानासाठी गावाचा लेखी ठराव.

हे जमत नसेल, तर पुढच्या पदकाला 'आपल्या मातीतला हिरा' असा फ्लेक्स लावू नका. माती आपली होती, पण आपण तिच्यात घातलं काय?