गीत 'पारंपरिक', मग ती बाई कोण?

भीमजयंतीच्या आधी निफाडच्या न्यायालयाच्या आवारात एक ताई आम्हाला शोधत आल्या. वय साठीच्या पुढे, द्राक्षबागेत रोजंदारी करणाऱ्या. हातात नातवाचा मोबाईल होता आणि त्यावर एक भीमगीत वाजत होते. गायिका दुसरी, बँड मोठा, ऐकणारे हजारो. खाली लिहिले होते, 'गीत व चाल : पारंपरिक'. ताई म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे गाणं मी रचलंय. बागेत डिपिंगला जाताना ट्रॅक्टरमध्ये बसून रचलंय. पारंपरिक व्हायला मी मेले का?"

त्या प्रश्नाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होते की गाणे याच बाईचे आहे. पण कागदावर कुठेही नोंद नव्हती. आणि कागदावर जे नाही, ते कोणीही उचलून न्यावे, ही या व्यवस्थेची जुनीच रीत आहे.

ही रीत केवळ आपल्याकडची नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या लेकरा-नातवंडांनी कापसाच्या मळ्यांत आणि तुरुंगांत जे दुःख गाऊन काढले, त्यालाच जग ब्लूज म्हणते. त्यातूनच पुढे रॉक संगीत जन्मले. जगातील मोठमोठ्या कंपन्या त्या संगीतावर श्रीमंत झाल्या. गाणाऱ्या बाईच्या हाती काय आले?

अलाबामा राज्यात १९२६ साली जन्मलेल्या विली मे थॉर्नटन यांना लोक बिग मामा म्हणत. त्यांनी गायलेले 'हाउंड डॉग' १९५३ साली तुफान गाजले. तीन वर्षांनी तेच गाणे एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकाने गायले आणि त्याला अफाट कीर्ती व पैसा मिळाला. आपल्याला मात्र पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला, असे बिग मामा सांगत. ते गाणे निदान दुसऱ्यांनी लिहिलेले होते. 'बॉल अँड चेन' तर त्यांचे स्वतःचे. जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेने ते १९६८ सालच्या 'चीप थ्रिल्स' या अल्बममध्ये गायले. जॉप्लिनने मूळ गायिकेचे नाव लपवले नाही. परंतु गाण्याचे हक्क आधीच एका कंपनीकडे गेलेले होते, त्यामुळे रॉयल्टीच्या मोठ्या वाट्याला बिग मामा मुकल्या. १९८४ साली लॉस एंजेलिसमधील एका खानावळवजा वसतिगृहात त्या वारल्या. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्यांना सन्मान दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी!

आता दुसरी बाई पाहा. ट्रेसी चॅपमन, जन्म १९६४, क्लीव्हलँड शहरात. एकट्या आईने वाढवलेली मुलगी शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेली आणि पुढे टफ्ट्स विद्यापीठातून मानववंशशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली. १९९५ सालच्या तिच्या 'न्यू बिगिनिंग' या अल्बममध्ये 'गिव्ह मी वन रीझन' हे अस्सल ब्लूज वळणाचे गाणे आहे. गिटारचा साधा ठेका, आवाजात कुठे आरडाओरडा नाही. विनवण्या न करता आपल्या माणसाकडे हिशेब मागणारी बाई त्यात उभी आहे. आमच्या जात्यावरच्या ओवीतली बाई जशी मनातले सरळ बोलते, तशीच ही. १९९७ साली या गाण्याला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचे ग्रॅमी मिळाले. हा पुरस्कार गीत लिहिणाऱ्याला मिळतो. म्हणजे लिहिणारीही तीच आणि गाणारीही तीच!

या बाईने आपला हक्क कधी सोडला नाही. परवानगी नाकारल्यावरही एका नामवंत रॅप गायिकेने तिचे गाणे वापरले, तेव्हा तिने २०१८ साली दावा ठोकला. तो साडेचार लाख डॉलरवर मिटला. २०२३ साली एका गोऱ्या गायकाने तिचे 'फास्ट कार' गायले, तेव्हा अमेरिकेतील कंट्री संगीताचा त्या वर्षीचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार गीतकार म्हणून तिलाच मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणे दोघींचेही थोर होते. फरक पडला तो हक्काच्या कागदाने. आणि कागद वाचता येण्यासाठी शिक्षण लागते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या अंगणात या. आमच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी गीताच्या शेवटी 'वामन' हे नाव गोवले, म्हणून ते कोणाला पुसता आले नाही. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या मायमाउल्यांनी मात्र आपली नावे ओवीत घातली नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी लाखावर ओव्या जमवताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपले, म्हणून आज काही जणी तरी ओळखू येतात. शीतल साठे यांच्यासारखी स्वतः लिहिणारी-गाणारी शाहीर आणि एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात यांना महाराष्ट्र नावाने ओळखतो. पण वस्तीवस्तीतल्या बाकीच्या गाणाऱ्या बायांचे काय?

काही कार्यकर्ते म्हणतील, गाणे समाजाचे आहे, चळवळीत मालकी कसली? आम्हालाही गाण्याला कुलूप लावायचे नाही. जयंतीत, विहारात, मोर्चात ते खुशाल फुकट गावे. परंतु कंपनी, चॅनेल आणि बँड पैसा कमावतात, तेव्हा नेमकी रचणाऱ्या बाईलाच समाजसेवा का शिकवता?

कायदा तिच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. हक्क विकला तरी कर्ती म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तिच्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले. पण गाणे आपलेच, हे सिद्ध करायला पुरावा लागतो. म्हणून लेकींनो, आईची गाणी वहीत उतरवा, तारीख घाला, तिच्या तोंडून चाल मोबाईलवर घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

यात आम्हीही दोषी आहोत. आमच्याच जयंती मंडळाच्या पत्रिकेवर पुढाऱ्यांची नावे होती, डीजेवाल्याचे होते. पहाटे बुद्धवंदनेनंतर गाणाऱ्या बायांच्या रकान्यात 'महिला मंडळ' एवढेच छापले होते. पत्रिका आम्हीच तपासली होती.

ताईंच्या वतीने आम्ही नोटीस पाठवली. महिन्याभरात 'पारंपरिक' हा शब्द जाऊन तेथे ताईंचे नाव आले. मोबदल्याचे भांडण बाकी आहे, आणि ते आम्ही लढू. नाव पाहून ताईंनी नातवाला ते दोनदा वाचायला लावले. मग आम्हाला म्हणाल्या, "आमच्या गल्लीत अजून चौघी हायेत. त्यांच्या वह्या कधी आणू?"

वाचकांनो, तुमच्या गल्लीत किती जणी आहेत? येत्या जयंतीची पत्रिका छापण्याआधी त्यांची नावे विचारून या.