विश्लेषण : एका प्राण्याचे जनुक दुसऱ्याच्या पेशीत नेणारा विषाणू कर्करोगावर उपाय कसा ठरला?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार19’ या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशींत नवे जनुक घालतात. ते पोहोचवण्यासाठी एचआयव्हीच्या गटातील, पण निकामी केलेला विषाणू वापरतात. विषाणूच का आणि त्यात धोका किती?

रेट्रोव्हायरस वेगळे कसे?

या विषाणूंची जनुके आरएनएवर असतात. पेशीत शिरल्यावर ‘रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज’ या विकराच्या मदतीने ते त्याची डीएनए प्रत बनवतात आणि ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची जोडतात. पुढे पेशी विभागली की ही प्रतही नव्या पेशींत जाते. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1970 मध्ये हे विकर शोधले.

दुसऱ्याचे जनुक विषाणूकडे कसे येते?

1911 मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी वगळून गाळला आणि दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली. त्यामागे रेट्रोव्हायरस होता. त्यातील ‘सार्क’ हे जनुक मुळात विषाणूचे नसून पक्ष्यांच्या निरोगी पेशींतलेच आहे, हे मायकल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने 1976 मध्ये दाखवले. गुणसूत्रात जोडला गेलेला विषाणू नव्या प्रती तयार करताना कधीतरी शेजारचे जनुकही सोबत घेऊन बाहेर पडतो. ते जनुक बिघडलेले असेल, तर नव्या पेशीची वाढ बेलगाम होते. या विषाणूचे काही प्रकार उंदरासारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशींतही कोंबडीचे हे जनुक रुजवतात.

मग उपचारात काय बदलते?

शास्त्रज्ञ विषाणूची वाढीसाठी लागणारी जनुके काढून टाकतात आणि त्या जागी हवे ते जनुक ठेवतात. असा विषाणू जनुक पोहोचवतो, पण स्वतःच्या नव्या प्रती काढू शकत नाही. जगातील सुरुवातीच्या कार-टी उपचारांत कर्करोगपेशी ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडातून घेतला होता. ‘नेक्सकार19’मध्ये तो मानवी प्रथिनाशी मिळताजुळता केला आहे. 64 रुग्णांवरील चाचणीत, ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला त्यांपैकी 73 टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला.

धोका संपला का?

नाही. विषाणू जनुक नेमके कुठे जोडेल, हे ठरवता येत नाही. पॅरिस आणि लंडनमध्ये प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारावर रेट्रोव्हायरस वापरून जनुकोपचार झाले. त्यातील 20 पैकी 5 मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. विषाणूने वाढीचे जनुक चेतवले होते. आताचे विषाणू अधिक सुरक्षित आहेत. तरीही अमेरिकेच्या एफडीएकडे 2023 अखेरपर्यंत कार-टीनंतर टी-पेशींचा कर्करोग झाल्याच्या 22 नोंदी आल्या. तोवर तिथे 27 हजारांहून अधिक डोस दिले गेले होते. प्रमाण अत्यल्प असले, तरी जानेवारी 2024 मध्ये एफडीएने औषधांवर ठळक इशारा छापायला सांगितले.

इतर उपाय थकलेल्या रुग्णासाठी हा धोका पत्करण्याजोगा ठरतो. पण जोडलेले जनुक काढून घेता येत नाही. म्हणून रुग्ण बरा होऊन घरी गेला, तरी त्याची तपासणी आयुष्यभर सुरू राहायला हवी. भारतात हा उपचार जसजसा अधिक रुग्णांपर्यंत पोहोचेल, तसतशी या नोंदी ठेवणारी व्यवस्थाही तितकीच भक्कम लागेल.