मसाई माराच्या वाटेवर नैरोबीचा मुक्काम

मसाई मारातील वन्यजीव पाहण्याची इच्छा मनात धरून सल्ल्यासाठी येणाऱ्यांत अलीकडे साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी बरीच असतात. ‘डॉक्टर, मला ही सहल झेपेल ना?’ हा त्यांचा प्रश्न. बहुतेकांना ती झेपते. मात्र आखणी वयाला साजेशी हवी. अनेक सहलींच्या कार्यक्रमात नैरोबी हे केवळ उतरण्याचे ठिकाण असते. ज्येष्ठांसाठी मात्र तेथील दोन रात्रींचा मुक्काम ही चैन नसून पथ्य आहे.

त्याआधी एक निर्णय तिकीट काढण्यापूर्वीच घ्यावा लागतो. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाला भारतात पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस ठरावीक शासनमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते. ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असते. साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम विरळ असले, तरी तरुणांपेक्षा अधिक आढळतात. मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे, मोठ्या मात्रेतील स्टिरॉइड, कर्करोगाचे चालू उपचार, थायमस ग्रंथीचा विकार किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास ती सहसा देत नाहीत. नातवंडांचा हिरमोड होऊ नये म्हणून आपली औषधे सांगण्याचे टाळणारे आजोबा मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नये. लस निषिद्ध ठरल्यास दुसरे ठिकाण निवडावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीने नियम शिथिल होईल, असे गृहीत धरू नये.

आता मुक्कामाविषयी. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. निरोगी माणसाला ही उंची जाणवत नाही. पण हृदय दुर्बल असलेल्यांना, दम्याच्या रुग्णांना वा रक्त कमी असलेल्यांना चढण चढताना धाप लागू शकते. जुलै-ऑगस्टच्या रात्री चांगल्याच गार असतात. म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि स्वेटर हाताशी असावा.

जुनाट आजार असलेल्यांनी पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्स या भागांत उतरावे. आगा खान विद्यापीठ रुग्णालय आणि एम. पी. शाह रुग्णालय पार्कलँड्समध्येच आहेत. भारतीय वंशाच्या लोकांची जुनी वस्ती असल्याने साधे शाकाहारी जेवणही सहज मिळते. कॅरेन आणि लांगाटा हे भाग अधिक शांत व हिरवे आहेत आणि जिराफ केंद्रही तेथेच आहे. पण वाहतुकीच्या कोंडीत ही रुग्णालये दूर पडतात. हॉटेल कोणतेही असो, खोली ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात: लिफ्ट आहे का, स्नानगृहात आधाराच्या दांड्या आहेत का, जादा पांघरूण मिळेल का आणि इन्सुलिनसाठी फ्रीज आहे का.

दुसऱ्या दिवशी शहराला लागूनच असलेल्या, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नैरोबी राष्ट्रीय उद्यानात अर्धा दिवस फिरून यावे. ही माराची रंगीत तालीमच होय. जीपचे हादरे कंबरेला सोसतात का, लघवीसाठी किती वेळा थांबावे लागते, हे तेथेच कळते. माराचा रस्ता पाच-सहा तासांचा असून शेवटचा टप्पा खडबडीत असू शकतो. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जावे. ते पाऊण तासात पोहोचवते. त्यात सामान साधारण पंधरा किलोच नेता येते, तेव्हा औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. ती कापडी असावी, कारण केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

नैरोबीत हिवतापाचा धोका अल्प असला, तरी मारात तो आहे. तेथे क्लोरोक्विन उपयोगी पडत नाही. प्रतिबंधक गोळी कोणती, हे मूत्रपिंडाची स्थिती, वॉरफरिन आणि हृदयाची औषधे पाहून डॉक्टरच ठरवतील. परतल्यावरही ती सांगितलेले दिवस घ्यावी. त्यानंतर तीन महिन्यांत ताप आल्यास ‘आम्ही आफ्रिकेहून आलो आहोत’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.

सोबतच्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावे. रंगीत तालमीनंतर आई-बाबा ‘पुढे नको’ म्हणाले, तर आग्रह धरू नये. एकाने त्यांच्यासोबत नैरोबीतच थांबावे. त्या उद्यानातही सिंह, गेंडे आणि जिराफ आहेत. संध्याकाळी खोलीवर परतून गरम पाण्याने पाय शेकता येतात, हा लाभ वेगळाच.