इंग्रजी जाहिरातींतील श्लेष व आमचे अध्यापन

सन 2023 च्या जून महिन्यात सिल्व्हेस्टर डाकुन्हा हे जाहिरातकार निवर्तले. तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या अमूल लोण्याच्या जुन्या फलकांविषयी पुष्कळ लिहिले व काहींची चित्रेही पुन्हा छापिली. त्यांतील दोन कात्रणे घेऊन उमरोळीचा आमचा एक विद्यार्थी आमच्यापुढे उभा राहिला. "सर, ह्यांत हसण्यासारखे काय आहे?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

पहिल्या चित्रात ठिपक्यांच्या झग्यातील ती सुप्रसिद्ध बालिका प्रार्थना करीत आहे. एक डोळा मिटलेला, दुसरा लोण्यावर! प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाचे जे मागणे आहे, त्यास खाली लोण्याची पुरवणी जोडली आहे. आम्हांस तत्काळ हसू आले, मुलास येईना. ती प्रार्थना तो उपासनेत नित्य म्हणतो, परंतु मराठीत, आणि मराठी शास्त्रातील शब्द आहे 'भाकर'. 'ब्रेड' म्हणजे बोईसरच्या दुकानात कागदात गुंडाळून मिळणारी वस्तू. तिचा प्रार्थनेशी संबंध त्याच्या मनात कोठून यावा?

दुसऱ्या चित्रात तीच बालिका घोड्यावर स्वार आहे, आणि शब्द आहे 'थरोब्रेड'. येथे हसण्याची पाळी आमची नव्हती. "दोन शब्द चुकून जोडले गेले आहेत, छापखान्याची चूक," असे आम्ही ठामपणे सांगून मोकळे झालो. सायंकाळी मनास रुखरुख लागली म्हणून कोश उघडला, तो त्याच उच्चाराचा, पण शेवटच्या भागात एक वर्ण कमी असलेला शब्द सापडला. अर्थ, जातिवंत घोडा. मुंबईतील घोड्यांच्या शर्यतींच्या हंगामावर केलेली ती कोटी होती. शर्यतींशी आमचा संबंध कधी आला नाही, व न आला हेच बरे. तथापि आमच्या अज्ञानाचा दोष आम्ही छापखान्याच्या माथी मारिला, हे काही बरे झाले नाही.

ह्या प्रकरणात एक मौज आमच्या ध्यानी आली. हे दोन शब्द देवनागरीत लिहिले तर एकसारखेच दिसतात. मराठीत जे कानास एक ते डोळ्यासही बहुधा एकच, म्हणून आपला श्लेष दोन्ही वाटांनी कळतो. इंग्रजीत उच्चार एक असून वर्ण निराळे असू शकतात, आणि जाहिरातीतील बहुतेक गंमत त्या फटीतच दडलेली असते. आम्ही शिक्षक मात्र इंग्रजी शिकवितो ती डोळ्यांनी: स्पेलिंग पाठ करा, पाच वेळा लिहा, चुकल्यास गुण कापू. मग त्या मुलास कोटी ऐकू येत नाही ह्यात नवल ते काय?

ह्याची परीक्षा आम्ही लगेच पाहिली. 1969 साली हरे कृष्ण पंथाचा बोलबाला सुरू झाला, तेव्हा 'हरी अमूल, हरी हरी' असा फलक लागला होता. फळ्यावर काहीच न लिहिता आम्ही तो नुसता उच्चारला. 'हरी' म्हणजे इंग्रजीत 'त्वरा कर' एवढे सांगताच सारा वर्ग हसला. ही कोटी लंडनच्या मुलास समजावण्यास अर्धा तास लागता.

काही शिक्षकबंधू म्हणतात की, जाहिरात ही वर्गात आणण्याची वस्तू नव्हे. तिने भाषा बिघडते. आम्हांस हे मान्य नाही. 'अटर्ली बटर्ली' ह्यातील 'बटर्ली' कोणत्याही कोशात नाही, आणि उत्तरपत्रिकेत आढळता तर आम्ही तो तांबड्या शाईने खोडलाच असता. परंतु तो सुचविला निशा डाकुन्हा ह्यांनी, सिल्व्हेस्टर ह्यांच्या पत्नीने, आणि त्या इंग्रजी साहित्याच्या अध्यापिका होत्या! नियम ठाऊक असलेल्यानेच तो असा खेळीमेळीने मोडावा.

आमची चिंता निराळीच आहे. आमची मुले पुढे गाडीने मुंबईच्या महाविद्यालयांत जातात. तेथे कोणी इंग्रजीत कोटी केली की भोवतालचे हसतात, आणि आपला मुलगाही न समजता हसतो. एकदा असे खोटे हसण्याची सवय जडली की प्रश्न विचारण्याचे धैर्य जाते. उमरोळीच्या ह्या मुलाने ते अद्याप गमाविलेले नाही. आमच्या छापखान्याच्या थापेने मात्र ते गमावण्याची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आपली चूक कबूल केली. मुले क्षणभर गप्प राहिली. मग तोच मुलगा उठून म्हणाला, "सर, मग आमच्याकडे 'देवा, पाव' म्हणतात, तो देवाकडे नक्की काय मागतो?"

ह्या वेळी सर्वांच्या आधी आम्ही हसलो. खाण्याचा 'पाव' पोर्तुगीजांकडून आलेला, पावणारा देव आपला, आणि दोघांची गाठ ह्या मुलाने घातली. आता हीच कोटी इंग्रजीत कशी करावी, असे तो विचारतो आहे. आम्ही त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.